हैदराबादची सहल आखताय? आधी शुक्रवार कुठे येतो ते बघा

पहिल्यांदा आम्ही घरच्यांना घेऊन हैदराबादला गेलो तेव्हा दोन दिवसांत नऊ ठिकाणं बघायची यादी केली होती. कागदावर ती फार छान दिसत होती. गुरुवारी रात्री गाडीत बसलो, शुक्रवारी सकाळी उतरलो. जुमा मक्का मशिदीत पढायचा आणि त्याआधी सालारजंग म्युझियम उरकायचं, असा बेत. रिक्षातून उतरलो तर म्युझियमचं फाटक बंद. शुक्रवारी ते बंदच असतं. तिथून चौमहल्ला पॅलेस गाठला, तर तोही शुक्रवारी बंद. दोष कुणाचा नाही, आमचाच. विचारायला हवं होतं, विचारलं नाही.

मग राहिलेलं सगळं शनिवारी एका दिवसात कोंबलं. सासूबाई, ज्यांना घरात सगळे अम्मी म्हणतात, दिवसभर गाडीतच बसून राहिल्या. जोहर आणि असर दोन्ही कजा झाल्या. घरी आल्यावर शेजारच्या खालांनी धाकट्याला विचारलं, "क्या क्या देखा बेटा?" तो म्हणाला, "गाडीकी खिडकी."

त्यानंतर आम्ही दोनदा हैदराबादला गेलो आणि दोन्ही वेळा सहल वेगळ्या पद्धतीने आखली. शाळेच्या सुट्ट्या जवळ आल्या की ओळखीचे पालक विचारतात, म्हणून ती पद्धत इथे सविस्तर सांगतोय. महाराष्ट्रातल्या, विशेषतः मराठवाड्यातल्या मुस्लिम कुटुंबांसाठी हैदराबाद हे नुसतं फिरायचं गाव नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात सरकारदरबारचं गाव तेच होतं. त्यामुळे तिथे जाऊन फक्त बिर्याणी आणि सेल्फी घेऊन परत यायचं, हे आम्हाला पटत नाही.

सगळ्यात आधी वार ठरवा. सालारजंग म्युझियम, चौमहल्ला पॅलेस आणि पुरानी हवेलीतलं निजाम म्युझियम शुक्रवारी बंद. नेहरू प्राणी संग्रहालय सोमवारी बंद. म्हणजे शुक्रवार पकडून जाणार असाल तर तो दिवस गोवळकोंडा आणि मक्का मशिदीचा ठेवा, आणि शनिवार-रविवार बाकीच्याचा. किंवा सरळ शनिवारी सकाळी पोहोचा आणि सोमवारी रात्री निघा. आमच्या मते पहिला पर्याय चांगला, कारण जुम्याच्या दिवशी मक्का मशीद बघणं आणि एरवी बघणं यात फरक आहे. मात्र लहान मुलं आणि म्हातारी माणसं सोबत असतील तर अजानच्या बरंच आधी तिथे पोहोचायला हवं. उशीर झाला की चारमिनारच्या बाजूने मशिदीकडे सरकणारी गर्दी एवढी असते की मुलांचा हात सुटायला वेळ लागत नाही.

महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात गोवळकोंड्याचे दगड तापतात, त्या उन्हात पायऱ्या चढवणं म्हणजे मुलांवर जुलूम. जानेवारीत गेलात तर नामपल्लीच्या मैदानावर नुमाइश भरलेली असते. १९३८ पासूनचं हे प्रदर्शन १ जानेवारीला सुरू होतं आणि साधारण दीड महिना चालतं. एक संध्याकाळ तिथे सहज जाते. रमजानमध्ये चारमिनारचा रात्रीचा बाजार बघण्यासारखा असतो हे खरं, पण रोजा ठेवून दिवसभर किल्ले चढता येत नाहीत. रमजानात जायचं तर फक्त बाजार आणि तरावीहसाठी जा, पर्यटन विसरा. आणि आशुऱ्याच्या दिवशी बीबी का अलमचा जुलूस निघतो, तेव्हा जुन्या शहरातले रस्ते बंद असतात. त्या दिवशी तिथे गाडीने फिरायचा बेत करू नका.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० दिवस नाही. मनमाड, जालना, परभणी, नांदेडकडच्यांना देवगिरी आणि अजंठा एक्सप्रेस, सोलापूरकडच्यांना हुसेनसागर. तिकीट काढताना गाडी नेमकी कोणत्या स्टेशनात जाते ते नीट वाचा. हैदराबादला सिकंदराबाद, काचीगुडा आणि नामपल्ली अशी तीन जुनी स्टेशनं आहेत, शिवाय २०२५ पासून चर्लापल्लीचं नवं मोठं टर्मिनसही सुरू झालंय आणि काही गाड्या तिकडे वळवल्यात. चर्लापल्ली शहराच्या एका टोकाला आहे. पहाटे तिथे उतरून नामपल्लीच्या हॉटेलात जायचं म्हटलं तर रिक्षाचं भाडं आणि मुलांची झोप, दोन्ही हिशेबात धरा. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, पण खालच्या बर्थचा कोटा आहे, तो फॉर्म भरताना निवडा.

राहायचं कुठे? हॉटेल स्वस्त म्हणून लांब घेऊ नका. ही चूक बहुतेक जण करतात. आपल्या घरातल्या बायका आणि म्हातारी माणसं दिवसभर सलग बाहेर राहू शकत नाहीत. नमाज आहे, औषधं आहेत, बाथरूमचा प्रश्न आहे. दुपारी दोन तास खोलीवर येता आलं पाहिजे. म्हणून नामपल्ली, अबिड्स किंवा अफजलगंज या भागात राहावं. इथून जुनं शहर जवळ पडतं. मेट्रो चांगली आहे, पण ती अजून चारमिनारपर्यंत जात नाही. उस्मानिया मेडिकल कॉलेज किंवा एमजीबीएस स्टेशनला उतरायचं आणि तिथून रिक्षाने मुसी नदी ओलांडायची. सिटी बसमध्ये बायकांना मोफत प्रवास आहे असं ऐकून आमच्या घरच्या खूश झाल्या होत्या. ती सोय तेलंगणाच्या रहिवाशांनाच आहे, तिथलं ओळखपत्र लागतं. आपण गुमान तिकीट काढायचं.

आता नमाजचं बघू, कारण दिवसाचा आराखडा तिच्याभोवतीच बसतो. ठिकाणं आधी लिहायची आणि मग त्यात नमाजला जागा शोधायची, असं केलं की नमाज सुटते. उलटं करा. कागदावर आधी पाच वेळा लिहा, मग मधल्या मोकळ्या तासांत एकेक ठिकाण बसवा. डिसेंबरात हैदराबादला सहाच्या आतच मगरिब होते. म्हणजे असर आणि मगरिबच्या मध्ये फार वेळ नसतो, त्या वेळात फक्त लाड बाजारसारखी जवळची, सोपी गोष्ट ठेवावी.

प्रवासात कसर आहेच. चार रकातच्या फर्ज दोन होतात, मुकीम इमामाच्या मागे पढली तर पूर्ण चार. मात्र एका गाडीत कोकणातले पाहुणे आणि मराठवाड्यातले यजमान असले की वाद होतो, तो आधीच मिटवून घ्या. कोकणी मंडळी शाफई, त्यांच्याकडे सफरीत जोहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र पढायला मुभा आहे. आपण हनफी, आपल्याकडे अशी मुभा नाही, प्रत्येक नमाज आपल्या वेळेवर. किती दिवस मुक्काम केला की कसर संपते याचा हिशेबही दोघांचा वेगळा. हनफींकडे पंधरा दिवसांची मर्यादा, शाफईंकडे चार दिवसांची. निघण्याआधी आपापल्या इमाम साहेबांना विचारून घ्यावं, म्हणजे रेल्वेच्या डब्यात मुलांसमोर मसल्यावरून आवाज चढत नाहीत. आमच्याकडे चढले होते.

बायकांसाठी आम्ही जोहर शक्यतो खोलीवरच ठेवतो. एक पातळ जानमाज आणि पाण्याची एक जादा बाटली पर्समध्ये असतेच. गोवळकोंड्यावर वुजूला पाणी शोधत फिरण्यापेक्षा खालीच वुजू करून चढणं बरं.

जुनं शहर पायी बघायचं असतं. गाडीतून ते दिसत नाही, धाकट्यानेच ते सिद्ध केलंय. मदिना बिल्डिंगपाशी उतरा आणि पथ्थरगट्टीतून चालत चारमिनारकडे या. वाटेत चारकमान लागतात, चार दिशांना चार मोठ्या कमानी आणि मधोमध गुलजार हौज. इथे थांबून मुलांना सांगा की हे शहर आपोआप वाढत गेलेलं नाही, ते आखून वसवलेलं आहे. १५९१ मध्ये मुहम्मद कुली कुतुबशाहने चारमिनार बांधला आणि त्याच्याभोवती रस्ते, बाजार आखले. हिजरी सनाचं हजारावं वर्ष त्याच सुमाराला सुरू झालं. हाच बादशाह उर्दूचा पहिला साहिब-ए-दीवान शायर मानला जातो. उर्दू माध्यमातल्या मुलांना हे पुस्तकात असतं, पण चारमिनारखाली उभं राहून ऐकलं की लक्षात राहतं. वर जायला अरुंद, गोल फिरणाऱ्या पायऱ्या आहेत. गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी खालीच बसावं. पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी १५ वर्षांखालच्यांना तिकीट नाही, मुलांचं आधार कार्ड जवळ ठेवा.

मक्का मशीद चारमिनारपासून हाकेच्या अंतरावर. कुतुबशाही काळात सतराव्या शतकाच्या सुरुवातीला काम सुरू झालं आणि ते १६९४ मध्ये औरंगजेबाच्या काळात पुरं झालं. म्हणजे ज्या घराण्याने पाया घातला ते घराणं बुडवणाऱ्याने ती पुरी केली. आमच्या आठवीतल्या मुलीने यावर विचारलं, "मग मशीद कुणाची?" आम्ही म्हटलं, "नमाज्यांची." ती अर्धवटच पटल्यासारखी दिसली. मशिदीच्या बाजूला आसफजाही घराण्याच्या कबरी एका ओळीत आहेत. मुलांना त्या मोजायला लावा. दुसऱ्या निजामापासून सहाव्यापर्यंतचे इथे आहेत. सातवे, मीर उस्मान अली खान, इथे नाहीत, ते किंग कोठीसमोरच्या जुदी मशिदीत आहेत. आणि पहिले? ते आपल्या महाराष्ट्रात आहेत. त्यावर शेवटी येऊ.

तिथून लाड बाजार. लाखेच्या बांगड्यांची दुकानं दोन्ही बाजूंना. पहिल्या दुकानात घेऊ नका, शेवटपर्यंत जाऊन परत या. भाव करताना दख्खनी कानावर पडेल, ती मुलांना ऐकू द्या. "नक्को", "कैकू", "हौ". "नक्को" ऐकून आमचा धाकटा एकदम थांबला. "ये तो मराठी है!" हो, आपल्या "नको"चाच तो भाऊबंद. दख्खनी आणि मराठी शेकडो वर्षं शेजारी राहिल्यात, एकमेकींच्या घरातून साखर मागावी तसे शब्द मागून घेतलेत. दोन भाषांत वाढणाऱ्या आपल्या मुलांना शाळेत कधी कधी उगाच संकोच वाटतो. लाड बाजारात अर्धा तास उभं राहिलं तरी तो कमी होतो, असा आमचा अनुभव.

लाड बाजाराच्या पलीकडच्या टोकाला खिलवतमध्ये चौमहल्ला पॅलेस आहे. झुंबरांचा दरबार हॉल, जुन्या मोटारी, मोकळं अंगण. म्हाताऱ्यांना हे ठिकाण सगळ्यात सोयीचं, चढ नाही आणि बसायला जागा भरपूर. अम्मी इथे तासभर एका बाकावर बसल्या होत्या. त्यांचे वडील निजामाच्या राज्यात शाळामास्तर होते. १९४८ च्या सप्टेंबरात "पोलीस ॲक्शन" झालं तेव्हा त्या लहान होत्या. घरी त्या या विषयावर कधी बोलत नाहीत. तिथे बसून त्यांनी नातीला पहिल्यांदा सांगितलं की त्या दिवसांत त्यांना कुठे लपवलं होतं आणि शेजारच्या पाटलांच्या घरून भाकरी कशी यायची. आमची मुलं दर वर्षी १७ सप्टेंबरला शाळेत मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला झेंड्याखाली उभी राहतात, निबंध लिहितात. रझाकारांनी काय केलं हे त्यांना माहीत असायलाच हवं, आणि आजीच्या घरात काय झालं हेही. कार्यक्रम गच्च भरला असता तर त्या तासाभराला जागाच उरली नसती.

सालारजंग म्युझियमसाठी अर्धा दिवस ठेवा, पण सगळी दालनं बघायचा हट्ट धरू नका. १९५१ मध्ये सुरू झालेलं हे म्युझियम तिसरे सालारजंग, मीर युसूफ अली खान यांनी जमवलेल्या वस्तूंचं आहे. एका माणसाचा संग्रह, आणि बघता बघता पाय दुखतात. मुलांना चार गोष्टी दाखवा. बेन्झोनी या इटालियन शिल्पकाराची बुरखा घेतलेली रेबेका, जिथे संगमरवर पातळ कापडासारखा दिसतो. एका बाजूने पुरुष, दुसऱ्या बाजूने स्त्री असा लाकडी पुतळा. तासाला टोले देणारं संगीत घड्याळ, ज्यापुढे लोक आधीपासून बसून राहतात. आणि हस्तलिखितांतले कुरआन शरीफ. शेवटच्यासाठी गर्दी नसते, निवांत बघता येतं.

बाहेर पडलात की मुसी समोरच आहे. आज नदीचं रूप बघून नाक मुरडावं लागतं, पण सप्टेंबर १९०८ मध्ये हीच नदी शहरात शिरली आणि हजारो माणसं गेली. उस्मानिया हॉस्पिटलच्या आवारात चिंचेचं एक जुनं झाड आहे, त्यावर चढून सुमारे दीडशे लोक वाचले होते. शायर अमजद हैदराबादींची आई, बायको आणि मुलगी त्या पुरात गेल्या. पुढे विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने उस्मान सागर आणि हिमायत सागर बांधले गेले. भूगोलाच्या तासाला धरण म्हणजे काय ते शिकवतो, पण धरण का बांधावं लागतं ते इथे पुलावर उभं राहून दोन मिनिटांत कळतं.

गोवळकोंडा सकाळी. दरवाजाच्या घुमटाखाली टाळी वाजवली की वर बालाहिसारला ऐकू येते. मुलं हे करतीलच, तुम्ही अडवू नका, शत्रू आल्याची खबर वर पोहोचवायची ही युक्ती होती हे सांगा. साडेतीनशेच्या वर पायऱ्या आहेत. अम्मींसोबत एक जण खालच्या बागेत थांबेल असं आधीच ठरवा, नाहीतर ऐनवेळी जो थांबतो तो दिवसभर तोंड पाडून बसतो. १६८७ मध्ये औरंगजेबाच्या वेढ्याला हा किल्ला आठ महिने पुरून उरला आणि शेवटी दरवाजा आतूनच उघडला गेला.

जवळच कुतुबशाही मकबरे आहेत. आगाखान ट्रस्टने २०१३ पासून दहाएक वर्षं काम करून ते दुरुस्त केलेत. पूर्वी बघितलं असेल तरी पुन्हा जा. घुमटांवर चुन्याचं काम परत आलंय, विहिरी आणि हमाम साफ झालेत. घराण्यातल्या बादशाहांचे मकबरे इथे आहेत, फक्त शेवटचा अबुल हसन तानाशाह नाही. तो का नाही, हे मुलांना लगेच सांगू नका.

रामोजी फिल्म सिटीचं काय, असं मुलं विचारतीलच. ती शहराबाहेर आहे आणि तिला सबंध एक दिवस लागतो. तीन दिवसांच्या सहलीत आम्ही तिला बसवत नाही. त्याऐवजी हुसेनसागरमध्ये बोट आणि एक सकाळ प्राणी संग्रहालय दिलं की तह होतो. तुमच्याकडे चार दिवस असतील तर चौथा दिवस मोठ्या मुलांसाठी उस्मानिया विद्यापीठाचं आर्ट्स कॉलेज बघण्यात घाला. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठात विज्ञान, कायदा, पुढे वैद्यकशास्त्रसुद्धा उर्दूतून शिकवलं जायचं, आणि त्यासाठीची पुस्तकं भाषांतर करायला वेगळा विभाग होता. उर्दूतून शिकून काय होणार, असं ज्यांना ऐकून घ्यावं लागतं त्यांनी ती इमारत एकदा बघावी.

खाण्याचं जास्त सांगत नाही, ते तुम्ही शोधालच. एवढंच की तिथली एक बिर्याणी दोघांना पुरते, तिखट आपल्या अंदाजापेक्षा जास्त असतं, आणि शुगरवाल्या माणसाला खुबानी का मीठा आणि डबल का मीठा यांपैकी एकच द्या. सकाळी इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किट, दुपारी हलकं, आणि मोठं जेवण फक्त रात्री. दुपारी पोटभर बिर्याणी खाऊन कुणीही मकबरे बघत नाही.

परतीचं तिकीट मराठवाड्याच्या बाजूने असेल तर थेट घरी न जाता छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे आपल्या जुन्या औरंगाबादला उतरा आणि एक दिवस खुलताबाद-दौलताबादसाठी ठेवा. मक्का मशिदीत न सापडलेला पहिला निजाम, आसफजाह, खुलताबादला हजरत बुरहानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. त्याचा कारभार औरंगाबादेतून चालायचा. राजधानी कायमची हैदराबादला गेली ती त्याच्यानंतर, १७६३ मध्ये. आणि मकबऱ्यात न सापडलेला तानाशाह दौलताबादच्या किल्ल्यातल्या चिनी महालात कैदेत होता. तिथेच त्याची शेवटची वर्षं गेली आणि त्याला खुलताबादच्या मातीतच दफन केलं गेलं. आमच्या मुलीने चिनी महालाच्या भिंतीवर उरलेले निळ्या फरशांचे तुकडे मोजले आणि वहीत लिहून घेतले.

चिनी महाल किल्ल्याच्या खड्या चढणीआधी लागतो. चांद मिनार बघत, थांबत थांबत अम्मी तिथपर्यंत येऊ शकल्या. त्यापुढची अंधारी आणि वरच्या पायऱ्या तरुणांनी चढाव्यात, टॉर्च सोबत ठेवावी.